झुळूक साबणाची बाई

४ नोव्हेंबर

टिल्लू,

आशीर्वाद, खुशाली वगैरे नेहमीचं आज काही लिहीत नाही. मनात नाही ते कागदावर कशाला उतरवू?

तुझं पत्र काल आलं. अप्पा समोरच बसले होते, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं. ‘ताई, माझ्या हातून एक छोटासा घोटाळा झाला आहे.’ छोटासा! दूध उतू जातं त्याला छोटासा घोटाळा म्हणतात. तू झुळूक साबणाच्या बाईला कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये घातलंस आणि ती विरघळून गेली. वर लिहितोस, पाणी आधी गुलाबी झालं, मग करडं झालं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं की हे छापलेलं लेबल नाही, हाताने रंगवलेलं मूळ चित्र आहे. वा रे वा! साबणाच्या बाईला आंघोळ घालणारा जगातला तूच पहिला.

तू एवढा मोठा संग्राहक. साबण, बिस्किटं, काडेपेट्या, शाईच्या दौती, कशाकशाची लेबलं तुझ्याकडे आहेत त्याला गणती नाही. तुझी भाषणं होतात, तुझे लेख येतात, लोक तुला उठून खुर्ची देतात. आणि ज्या माणसाने जन्मभर ही लेबलं काढली त्याचा तू सख्खा मुलगा. तरी तुला छापील कुठलं आणि रंगवलेलं कुठलं ते कळू नये? भिंग कुठे होतं तुझं? की ते फक्त फोटो काढून घेताना हातात धरायचं?

कारणं मात्र भरपूर दिली आहेस. म्हणे अप्पांनी पाठवलेल्या गठ्ठ्यात सगळ्या बोर्डांवर छापील लेबलंच चिकटवलेली होती. म्हणे लेबलांचं प्रदर्शन तोंडावर आलं, अल्बममध्ये लावायला लेबलं बोर्डावरून सोडवायची होती, म्हणून सगळी एकदम भिजवली. म्हणे मूळ चित्र नेहमी दुप्पट मापाचं असतं. असतं ना, बाकीच्या आर्टिस्ट लोकांचं असतं. ते मोठं रंगवायचे आणि छापताना लहान करून घ्यायचे. अप्पा साबणाच्या वडीच्या मापातच रंगवायचे, पातळ कागदावर, आणि मग तो कागद खळीने बोर्डावर चिकटवायचे. लहान करताना चेहरा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून छपाईचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकमेकरशी त्यांचे वाद व्हायचे ते सगळी गल्ली ऐकायची. तू त्याच घरात राहत होतास ना रे? की कानात बोळे घालून जेवायला बसायचास?

हेही सगळं एक वेळ गिळलं असतं. पण त्याच्या खालचा परिच्छेद वाचला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘नेहमीच्या झुळूक लेबलातल्या बाईचं नाक लहान आणि सरळ असतं. या बाईचं नाक किंचित लांब, मध्ये उंचवटा असलेलं. मला वाटलं, पहिल्या छपाईतला फरक असावा, म्हणजे अत्यंत दुर्मीळ आवृत्ती.’

टिल्लू, ते आईचं नाक होतं.

अप्पांनी आईला खिडकीपाशी स्टुलावर बसवून ते चित्र काढलं होतं. कंपनीने ते परत पाठवलं, ‘नाक लहान करावे’ असा शेरा मारून. अप्पांनी निमूटपणे दुसरं केलं, लहान नाकाचं. ते छापलं गेलं, घरोघरी गेलं, तुझ्या अल्बममध्येही जाऊन बसलं. पहिलं घरी राहिलं. आईचे फोटो आहेत, पण सगळे समोरून काढलेले, त्यात नाक कुठे कळतं? तिला एका बाजूने बघायचं तर तेवढं एकच चित्र होतं. आपल्या आईचं नाक तुला छपाईतला फरक वाटला!

आणि शेवटी तुझी मागणी. ‘ताई, तुझा हात हुबेहूब अप्पांसारखा आहे. तू तसंच दुसरं करून दे. कुणाला कळणार नाही. अप्पा उद्घाटनाला येतील, तेच चित्र आधी शोधतील, या वयात त्यांना धक्का नको.’ अप्पांसाठी म्हणे! तुला तुझी फजिती झाकायची आहे, तेवढं सरळ म्हण.

मी करणार नाही. मूळ म्हणून खोटं टांगायचं आणि त्याच्याखाली बापाला हार घालायचा, यात मी नाही.

ताई


९ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझं पार्सल मिळालं. अप्पा झोपले होते म्हणून बरं. कपाटात चादरींच्या खाली ठेवलं आहे. या वयात मला स्वतःच्या घरात चोरासारखं वागायला लावलंस.

उघडून पाहिलं. बाई नाही. गाल होता तिथे फिकट डाग आहे, केसांच्या जागी करड्या रेघा, आणि नाकाच्या जागी काही नाही. पण खाली ‘झुळूक’ ही अक्षरं मात्र जशीच्या तशी, ठसठशीत. झ चं पोट, ळ चा वेढा, कुठे ओरखडासुद्धा नाही. अप्पा पोस्टर कलर वापरायचे, तो पाण्याचाच. अक्षरं पक्क्या काळ्या शाईत असायची. ती माझी अक्षरं आहेत. शाळा नुकतीच संपली होती आणि अप्पांनी पहिल्यांदा खऱ्या कामावर मला ब्रश लावू दिला, तो या लेबलावर.

आता तुझ्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा जो कच्चा मजकूर तू हौसेने सोबत घातला आहेस, त्याविषयी. प्रस्तावनेत लिहितोस, ‘या अनाम चित्रकारांना त्यांचं नाव मिळवून देण्यासाठीच हा सारा खटाटोप.’ छान. टाळ्या. आणि झुळूकच्या पानावर? ‘चित्र: संग्राहकाचे वडील. अक्षरलेखन: अज्ञात.’

अज्ञात! अरे, ती अज्ञात तुझ्या शेजारच्या गादीवर झोपायची. तुझे भूगोलाचे नकाशे ती अज्ञातच रंगवून द्यायची, आणि तू शाबासकी घेऊन घरी यायचास. तू घर सोडून गेलास तेव्हा तुझ्या ट्रंकेवर तुझं नाव पांढऱ्या रंगात त्या अज्ञातनेच घातलं होतं. पत्ता माहीत आहे तुला तिचा, तिथेच तू पार्सल पाठवलं आहेस.

तुझा तो गाजलेला लेखही मी वाचला आहे बरं का. ‘जुन्या बाजारात एका टपरीवर काडेपेटीचं लेबल दिसलं आणि मला माझे वडील सापडले.’ शेजारची मास्तरीण ते वाचून रडली. मला आला संताप. वडील हरवले कधी होते? ते इथेच होते, खिडकीजवळच्या पलंगावर. तूच ताटावरून उठून म्हणाला होतास, साबणाची चित्रं काढणाऱ्या माणसाकडून मला चित्रकला शिकायची नाही. अप्पांनी राहिलेला भात संपवला, हात धुतले आणि कामाला बसले. आई मात्र दारात उभी राहिली होती, तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत. नंतर तू मोठमोठे कॅनव्हास रंगवलेस, ते कुणी घेतले नाहीत, मग नोकरी धरलीस, आणि केस पिकल्यावर तुला साबणाच्या चित्रांचा उमाळा आला. येऊ दे. पण आई गेली तेव्हा पाहुण्यासारखा आलास आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडलीस, हे त्या लेखात कुठे दिसलं नाही.

एक गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. गठ्ठा बांधत होतो तेव्हा मी त्या बोर्डावर ‘मूळ चित्र, परत करणे’ अशी चिठ्ठी लावायला घेतली. अप्पांनी माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली. म्हणाले, “कशाला? त्याला काय सांगायला लागतं? आपल्या आईला ओळखणार नाही का तो?”

आज सकाळी ते विचारत होते, गठ्ठ्यातलं आपलं ते परत कधी येणार. मी म्हटलं, प्रदर्शनासाठी टिल्लूने काच लावायला दिलं आहे. थाप मारताना मी चहा गाळत होते, म्हणून तोंड दिसलं नाही माझं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं लख्ख दिसतं, ही आणखी एक पंचाईत.

तूच कळव त्यांना. स्वतः. फोन कर, पत्र लिही, काय हवं ते कर. मी तुझा निरोप पोचवणार नाही.

ताई


१३ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझा फोन आला होता, अप्पांनी सांगितलं. हवापाण्याच्या गप्पा मारल्यास, तब्येत विचारलीस, गाडी कधी पाठवू विचारलंस आणि ठेवलास. खुशीत होते ते. शेवाळी कोट काढून उन्हात घातला आहे, उद्घाटनाला घालायचा म्हणून. शाबास तुझी. उंटावरून शेळ्या हाकायला तुझ्याकडूनच शिकावं.

झुळूकचं छापील लेबल तुझ्याकडे जास्तीचं असेल तर एक पाठव. रंग न उडालेलं पाठव. माझ्या एका दुसऱ्याच कामासाठी हवं आहे. फार विचार करू नकोस आणि त्यावर काही लिहूही नकोस.

ताई


१८ नोव्हेंबर

टिल्लू,

लेबल मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत ‘मला माहीत होतं तू नाही म्हणणार नाहीस’ असं लिहायची काही गरज नव्हती. मी नाहीच म्हणते आहे. अजूनही. मी फक्त बघत होते, हात चालतो का.

खोटं कशाला बोलू? चार दिवस झाले, दुपारी अप्पा आडवे झाले की मागच्या खोलीत बसते. तू त्यांना सांगणार नाहीस हे त्या फोनवरून कळलं. मलाही सांगवत नाही. रोज सकाळी मनाशी ठरवते, आज बोलायचंच, आणि ते म्हणतात, “काचवाल्याने फार दिवस लावले गं,” की मी विषय बदलते. मग वाटतं, एकदा ते चित्र त्यांच्या हातात पडू दे, पुढचं पुढे. म्हणजे तुझंच म्हणणं आलं. तुझं म्हणणं माझ्या तोंडात आलं याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अक्षरं काय, डोळे मिटून झाली. केस झाले. कानामागची बट जमली, गालाचा गुलाबी दुसऱ्या खेपेला जमला. नाक जमत नाही. सबंध चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात नाक तांदळाच्या दाण्याहून लहान. ब्रशचा एकच केस जरा कलला की बाई बदलते. पण लहान आहे म्हणून अडलं नाही, लहान कामं मी जन्मभर केली. मला आठवतं ते आईचं म्हातारपणचं नाक. चष्म्याचे वळ पडलेलं, शेवटी शेवटी धारदार झालेलं. ते रंगवलं तर साबण कोण घेईल? आणि अप्पांनी बघितलं होतं ते, स्टुलावर बसलेल्या, हसू दाबणाऱ्या बाईचं. मी तेव्हा त्याच खोलीत होते, पण मी बघत होते ते अक्षरांकडे.

काल एक उपाय सुचला. माझं नाक तिच्यावर गेलं आहे असं सगळे म्हणायचे. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा तर फारच म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नाही. दोन आरसे घेतले, एक बरणीला टेकवून ठेवला, एक हातात धरला, आणि स्वतःला बाजूने बघत बघत रंगवायला बसले. सहासष्टाव्या वर्षी, मोडकी मान वाकडी करून, साबणावरची सुंदरी म्हणून स्वतःचंच नाक! कुणी पाहिलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतं.

हसू नकोस. हे तू माझ्यावर आणलंस. चित्र तू बुडवलंस आणि नाक शोधत मी बसले आहे. आणि तिकडे तू काय करतो आहेस? खुर्च्यांच्या रांगा मोजतो आहेस.

पाठवीन की नाही ते अजून ठरलं नाही.

ताई


२१ नोव्हेंबर

टिल्लू,

अप्पांना कळलं.

काल दुपारी मी मागच्या खोलीत बसले होते. दार लोटलेलं होतं. काठीचा आवाज आला नाही, कारण त्यांनी काठी घेतलीच नव्हती, भिंतीला धरून आले होते. माझ्या पाठीमागे उभे राहून म्हणाले, “आरशात काय बघतेस एवढं? म्हातारी झालीस, ते मीच सांगितलं असतं.”

मी बोर्डावर हात ठेवला. त्यांनी हात उचलायला लावला. मी केलेलं चित्र त्यांनी खिडकीकडे धरलं, जवळ नेलं, लांब नेलं.

“झ चांगला आलाय,” म्हणाले. “नाक तुझं आहे. तिचं कुठे आहे?”

काय सांगणार होते? उठले, कपाटातून तू पाठवलेला बोर्ड काढला आणि त्यांच्या हातात दिला. ते स्टुलावर बसले.

“कुणी केलं?”

“टिल्लूने.”

“कशाने?”

“कोमट पाण्याने. लेबल समजून सोडवायला गेला. सगळ्या लेबलांबरोबर ट्रेमध्ये घातलं.”

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “त्याला हे छापलेलं वाटलं?”

“हो.”

आणि टिल्लू, ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, मग खोकला लागेपर्यंत. मी पाणी आणलं ते त्यांनी बाजूला सारलं. “छापील वाटलं! अगं, एवढी लेबलं ज्याच्या हाताखालून गेली त्याला छापील वाटलं! तो ब्लॉकमेकर म्हणायचा, अप्पासाहेब, तुमची रेघ थरथरते, मशीनसारखी येत नाही. बोलव त्याला. आत्ता बोलव.” त्यांनी खरोखर त्या म्हाताऱ्याला फोन लावायला लावला आणि ओरडून सांगितलं, माझ्या मुलाला छापील वाटलं म्हणून. तो बिचारा बहिरा, त्याला वाटलं तुला मुलगा झाला. त्याने अभिनंदन केलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईचा चेहरा गेला आणि हे हसतात! इतके दिवस मी यांना धक्का बसेल म्हणून लपवालपवी केली, मान मोडली, थापा मारल्या, आणि यांना शाबासकी मिळाल्यासारखं वाटतंय! जन्मभर त्या माणसाने माझ्या अक्षरांना ‘बरं आहे’ याच्यापलीकडे एक शब्द दिला नाही. आणि तू त्यांचं चित्र धुऊन टाकलंस तर ते तुझं कौतुक करतात.

मी बोलले. तोंडावर बोलले. “अप्पा, आई गेली त्यात.”

“हो,” म्हणाले. डोळे पुसले. “पण त्याची घाई असेल गं. प्रदर्शन म्हटलं की डोक्याला शंभर व्याप. धुतलं ते धुतलं. आणि नाक वेगळं आहे हे तरी त्याने बघितलंच असेल ना? नजर आहे त्याला.”

इथे मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. तुझी बाजू सावरली गेली असती. पण मला राग आला होता, आणि खरं सांगते, मला ते सांगायचंच होतं.

“बघितलं ना,” मी म्हटलं. “त्याला वाटलं छपाईतला फरक. दुर्मीळ आवृत्ती म्हणून खूष झाला होता.”

हसू गेलं. तू ते बघायला हवं होतंस. हळूहळू नाही, एकदम गेलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे नाक दिसलं त्याला?” मी म्हटलं, दिसलं. “नीट दिसलं?” मी म्हटलं, उंचवटासुद्धा लिहिलाय पत्रात. मग ते म्हणाले, “आणि तरी ओळखलं नाही.”

बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. जिथे नाक होतं तिथे अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मग उठून आपल्या पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. चहा नेला तो घेतला नाही. संध्याकाळी दिवा लावू का विचारलं, नको म्हणाले. उन्हात घातलेला कोट मी आत आणून खुंटीला लावला.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. वाटलं नाही. तुझा राग येतो, त्यांचा येतो, माझाही येतो.

आज सकाळपासून तू दोनदा फोन केलास. त्यांनी हाताने खूण केली, नको. मी तुला ‘झोपलेत’ सांगितलं. जागेच होते.

ताई


२३ नोव्हेंबर

टिल्लू,

हे पत्र अप्पांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. मधेमधे माझंही घालीन, तेवढं चालवून घे.

आज सकाळी ते उठले, दाढी करून घेतली आणि मला कागद घेऊन बसायला सांगितलं. उद्घाटनाला येणार आहेत. गाडी पाठव. मीही येणार आहे, मला कुणी बोलावलेलं नसलं तरी. पण दोन अटी आहेत, आणि त्यातली एक जरी मोडली तरी ते दारातूनच परत फिरतील. ते फिरतील की नाही याची शंका असेल तर ताटावरून उठला होतास तो दिवस आठव. त्यानंतर तुझ्याशी पहिला शब्द बोलायला त्यांना किती वर्षं लागली होती?

पहिली अट, मी केलेलं चित्र मिळणार नाही. ते मी काल दुपारी तुझ्या पद्धतीने निकालात काढलं. बादलीत कोमट पाणी घेतलं आणि सोडलं. माझं नाक सगळ्यात आधी विरघळलं, फार वेळ लागला नाही. अप्पा पलंगावरून उठून शेजारी येऊन उभे राहिले. “अक्षरं राहिली बघ,” म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “तुझी अक्षरं नेहमीच राहायची. मी बोललो नसेन.” मी म्हटलं, नाही बोललात. आणि पाणी मोरीत ओतलं.

दुसरी अट, धुतलेला बोर्डच टांगायचा. मधोमध, तू त्या दुर्मीळ आवृत्तीसाठी जी जागा ठेवली होतीस तिथे, चांगल्या चौकटीत, वर दिवा लावून. कडेला कुठे खांबामागे नाही. तू म्हणशील, लोक काय म्हणतील, डागाकडे कोण बघेल. अप्पा म्हणाले, बघू दे की. आजवर आमची लेबलं लोकांनी फाडून फेकून दिली, आता एक धुतलेलंही बघू दे. मला विचारशील तर, तू तिथे उभा राहून प्रत्येक माणसाला काय झालं ते स्वतः सांगावंस असं मला वाटतं. पण ते माझं म्हणणं आहे, अट नाही.

बोर्डाखाली लावायची पाटी त्यांनी मला सांगितली आणि मी ती काढून बोर्डासोबत पाठवते आहे. पुस्तिकेतही झुळूकच्या पानावर हेच छापायचं, ‘अज्ञात’ खोडून. जन्मभर लेबलं केली, पण त्यांच्यावर आपल्या घरातलं कुणीही कधी आलं नाही. कंपनीला चालायचं नाही. या पाटीवर सगळे आहोत. तूही आहेस. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.

चित्र वडिलांचं.
अक्षरं मुलीची.
नाक आईचं.
धुतलं मुलाने.

शेवटची ओळ त्यांनी आधी ‘चुकून धुतलं मुलाने’ अशी सांगितली होती. मी तशीच काढली, शाई वाळली, पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, डोळ्यांजवळ नेऊन परत वाचली, आणि मग ‘चुकून’वर बोट ठेवून मला म्हणाले, एवढं काढून टाक.

ताई